संसाधनसंचय, एक्स विंडो प्रणालीतील

संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या खिडक्यांत चालणाऱ्या आज्ञावलींचे रंग, अक्षरांचा आकार, खिडकीचे मोजमाप, बटणांवरील मजकूर इ. गोष्टींची मूल्ये आज्ञावलीच्या बाहेर, साध्या मजकुराच्या ओळींत साठविण्याची व्यवस्था. तिला इंग्रजीवरून रिसोर्स डेटाबेस असेही म्हणतात. येथे संसाधन म्हणजे साधनसामग्री नव्हे, तर वापरणाऱ्याला बदलता येण्याजोगा गुणधर्म होय. एक्स विंडो प्रणालीचे काम १९८४ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रॉबर्ट शाइफ्लर व जेम्स गेटिस यांनी सुरू केले. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसृत झाली.

या प्रणालीत पडदा व कळफलक सांभाळणाऱ्या आज्ञावलीस सर्व्हर आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या आज्ञावलीस क्लायंट म्हणतात. नेहमीच्या अर्थाच्या हे उलट असल्याने नवख्याचा येथे हमखास गोंधळ होतो. दोन्ही एकाच यंत्रावर असण्याची गरज नाही. समजा, पडदा यवतमाळला आहे आणि आज्ञावली नागपूरच्या संगणकावर चालते. वापरणाऱ्याची आवडनिवड नागपूरला साठविली, तर तो जितकी यंत्रे वापरील तितक्या ठिकाणी तिच्या प्रती ठेवाव्या लागतील. म्हणून बैठकीच्या आरंभी एक्सआरडीबी ही आज्ञावली सर्व ओळी सर्व्हरच्या मूळ खिडकीवर ‘रिसोर्स मॅनेजर’ नावाच्या गुणधर्मात नोंदविते. क्लायंट कोठेही चालत असो, तो जोडला जाताच तेथूनच त्या वाचतो. हा गुणधर्म अस्तित्वात नसेल तरच क्लायंटच्या यंत्रावरील ‘एक्सडीफॉल्ट्स’ ही फाइल वाचली जाते; तीत केलेले बदल पुष्कळदा वाया जातात ते यामुळेच.

प्रत्येक ओळीत संसाधनाचे नाव, अपूर्णविराम व मूल्य असते. पूर्ण नाव पत्त्यासारखे, पण मोठ्याकडून लहानाकडे जाणारे असते : यवतमाळ, वणी, राजूर असे म्हणावे तसे आज्ञावली, तिच्यातील भाग आणि शेवटी गुणधर्म. घटकांमध्ये टिंब दिल्यास मधली पायरी गाळता येत नाही. तारका दिल्यास कितीही पायऱ्या गाळता येतात. प्रत्येक घटकास स्वतःचे नाव व एक वर्ग असतो. नाव लहान रोमन अक्षराने, तर वर्ग मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा प्रघात आहे.

एकाच गुणधर्मास अनेक ओळी लागू पडत असतील, तर तुलना डावीकडून पायरी पायरीने होते. पायरीचा उल्लेख करणारी ओळ ती गाळणाऱ्या ओळीपेक्षा, नाव वर्गापेक्षा आणि टिंब तारकेपेक्षा वरचढ ठरते. ओळींचा फाइलमधील क्रम येथे निर्णायक नसतो. या नियमाचा एक परिणाम मात्र गैरसोयीचा आहे. दृष्टी मंद झालेल्या माणसाने सर्व आज्ञावलींसाठी ‘*फॉन्ट’ अशी एकच ओळ लिहून मोठी अक्षरे मागितली आणि एखाद्या आज्ञावलीच्या कर्त्याने तिच्यासोबतच्या मूलभूत फाइलीत नेमके नाव घेऊन लहान अक्षरे नेमली असतील, तर कर्त्याची ओळ जिंकते. दोन ओळींचे नाव अगदी सारखे असेल तेव्हाच वापरणाऱ्याची ओळ वरचढ ठरते. म्हणून मूलभूत फाइलीतील ओळी शक्य तितक्या सैल ठेवणे हे कर्त्याचे कर्तव्य मानले पाहिजे. कर्त्याने मूल्य आज्ञावलीतच पक्के केले असेल, तर कोणत्याही ओळीचा उपयोग नाही. नाव चुकीचे लिहिले गेल्यास सूचनाही मिळत नाही. ओळ मुकाट्याने निरुपयोगी राहते. चालू असलेल्या आज्ञावलीस सामान्यतः नवे मूल्य कळत नाही. ती पुन्हा सुरू करावी लागते.

भाषेनुसार वेगळी मूलभूत फाइल निवडण्याची सोय असल्याने आज्ञावलीस हात न लावता बटणांवरील मजकूर मराठीत आणणे तत्त्वतः शक्य होते. प्रत्यक्षात अडचण अक्षरांची होती. जुन्या पद्धतीत एका संकेतांकास एकच आकृती मिळे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढणे किंवा जोडाक्षर घडविणे तीत बसत नसे. केवळ देवनागरी फॉन्टचे नाव लिहून त्यामुळे भागत नसे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ प्रकल्पात ही क्षमता थेट सर्व्हरमध्ये घालण्याचा प्रयत्न केला. पुढे पँगो व हार्फबझ यांसारख्या क्लायंटच्या बाजूच्या साधनांनी हे काम उचलले.

या साधनांवर आधारलेल्या जीटीके आणि तत्सम क्यूटी या संचांनी स्वतःच्या वेगळ्या साठवणी निर्माण केल्या. त्यांत केलेला बदल चालू आज्ञावलीसही तत्काळ कळू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या पर्यायी व्यवस्थेत संसाधनसंचय नाही. एक्सटर्मसारख्या जुन्या आज्ञावली मात्र तिच्यातील एक्सवेलँड या पूरक सर्व्हरवर चालतात व त्यावरील नोंदी पूर्वीप्रमाणेच वाचतात.