कलाशाळेतील नातीगोती

जी विद्या पुस्तकावरून शिकता येते, तिचे विद्यार्थी वर्ग सुटला की आपापल्या वाटेने जातात. नृत्य आणि संगीत यांचे तसे नाही. तेथे पहाटेच्या रियाजापासून रात्रीच्या तालमीपर्यंत सारे एकत्र असतात. एकमेकांचा थकवा, हट्ट आणि चूकही ओळखीची होते. अशा सहवासातून विवाह जुळावेत, यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की ही नाती कलेला तारतात की तिच्यावर भार होतात?

हिमालयाच्या कुशीतील अल्मोड्याचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. नर्तक उदयशंकर यांनी तेथे आपले संस्कृति-केंद्र उभारले. कथकळीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंह आणि संगीतासाठी मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, असे गुरुजन तेथे लाभले. भिन्न प्रांतांची आणि धर्मांची तरुण मंडळी एका छताखाली राहू लागली.

पाहता पाहता केंद्राचे कुटुंब झाले. १९४१ साली उदयशंकरांचे बंधू राजेंद्रशंकर यांनी केंद्रातील नर्तिका लक्ष्मी यांच्याशी विवाह केला. १९४२ साली स्वतः उदयशंकर आपल्या सहनर्तिका अमला यांच्याशी विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी तेथील शिक्षिका जोहरा आणि त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले विद्यार्थी कामेश्वर सेहगल यांचे लग्न झाले. एक मुसलमान, दुसरा हिंदू. परंतु रोजच्या तालमीत जुळलेली मने या भेदाने अडली नाहीत.

१९४४ साली पैशाच्या अभावी केंद्र बंद पडले. संस्था संपली, नाती मात्र उरली, आणि त्यांनीच ती कला पुढे नेली. अमलाबाईंनी उदयशंकरांच्या ‘कल्पना’ या १९४८ च्या चित्रपटात नायिकेची भूमिका केली, आणि पुढे दीर्घकाळ ती नृत्यपद्धती शिकवली. लक्ष्मीबाईंचे नृत्य आजारपणाने सुटले, तेव्हा त्या गायनाकडे वळल्या व नामवंत झाल्या. जोहराबाई मुंबईस येऊन १९४५ साली पृथ्वी थिएटरमध्ये दाखल झाल्या.

परंतु याच कथेला दुसरी बाजूही आहे. १९४१ सालीच अल्मोड्यास आणखी एक विवाह झाला होता. उदयशंकरांचे धाकटे बंधू रविशंकर खाँसाहेबांचे शिष्य होते, आणि वधू होती खाँसाहेबांची कन्या अन्नपूर्णा. दोघेही एकाच गुरूच्या तालमीत वाढलेले. हे लग्न मात्र वडीलधाऱ्यांनी ठरविलेले होते. सुरबहारवर असामान्य प्रभुत्व असलेल्या अन्नपूर्णादेवींनी काही वर्षे पतीसमवेत मैफली केल्या, आणि पुढे जाहीर वादन कायमचे सोडले. संसारही टिकला नाही. १९८२ साली घटस्फोट झाला.

वादन थांबले, तरी विद्या थांबली नाही. मुंबईतील आपल्या घरी त्यांनी २०१८ साली देहावसान होईपर्यंत शिष्यांची एक पिढी घडविली. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९८२ सालीच त्यांनी ऋषिकुमार पंड्या या आपल्या शिष्याशी विवाह केला.

तात्पर्य, कलाशाळेतील नाती कलेला जगवू शकतात, परंतु एखाद्या कलावंताला अबोलही करू शकतात. जेथे दोघांच्याही साधनेला घरात जागा मिळते, तेथे संसार हीच शाळा होते. जेथे ती मिळत नाही, तेथे श्रेष्ठ वाद्यही बंद दाराआड राहते.