शहराची वाट (लेखांक ४) : नोकरीआधीचा निवारा

२०२० च्या टाळेबंदीत फिनले मिल बंद झालेली ज्या अचलपुराने पाहिली, तेथील तरुणाने पुण्या-मुंबईची वाट धरावी यात नवल नाही. परंतु हाती नोकरी नसताना परमुलखात उतरणाऱ्याला घरमालक पगाराचा दाखला मागतो आणि नोकरी देणारा तेथील राहण्याचा पत्ता मागतो, अशा कोंडीत घरून आणलेली बेगमी पहिल्या महिन्यातच सरते.

या कोंडीतून वाट काढण्याची अत्यंत परिणामकारक तजवीज पूर्वी कोणी केली असेल, तर ती मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कोकणातील व घाटावरील कामगारांनी. लालबाग, परळ, वरळीच्या चाळींत एकेका गावाची सामाईक खोली असे, आणि गावाहून आलेला इसम ट्रंक घेऊन थेट तेथेच मुक्कामाला उतरे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली अवघी सुमारे १६० चौरस फुटांची. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला, की रात्रपाळीहून परतलेला त्याच जागेवर पथारी टाकी, ट्रंका भिंतीशी एकावर एक रचलेल्या असत, आणि जेवण शेजारच्या बाईच्या खाणावळीत, जेथे पगार होईपर्यंत उधारी चाले. (याच खाणावळवाल्या बायांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले.) नवख्याला आरंभी काम मिळे ते बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, आणि तेही पाळी भरण्याच्या वेळी फाटकापाशी हजर असल्यासच, त्यामुळे गिरणीपासून चालत्या अंतरावरची पथारी हीच त्याच्या रोजगाराची पहिली पायरी होती.

आजच्या पुण्यात त्या खोलीची जागा ‘कॉट बेसिस’ने घेतली आहे. पेठांतील जुन्या इमारतींत, कर्वेनगरात, किंवा हिंजवडीलगतच्या वाकडात एक खाट व कपाटाचा एखादा कप्पा महिन्याच्या भाड्याने मिळतो, शेजारी मेसही असते; मात्र उधारीवर जेवू घालणारी गावची ओळख तेथे नसते. काम पक्के होईपर्यंत स्वतंत्र फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करारनामा करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बिऱ्हाड वाकडला आणि नोकरी हडपसरला अशी वेळ आली, तर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोजची पायपीट तरी सोसावी लागते, नाहीतर मुदतीआधी जागा सोडल्याबद्दल अनामतीवर पाणी सोडावे लागते. खाट घेतानाही अनामतीची पावती मागून घ्यावी आणि जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यावयाची, ते लिहून घ्यावे. पुढे लिव्ह अँड लायसन्सचा दस्त करण्याची वेळ येईल, तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ५५ ध्यानात असू द्यावे: करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करून घेणे ही जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती त्याने पार पाडली नसेल तर वादाच्या प्रसंगी, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

तथापि कायदा खाट देत नाही. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या उघड्यावर रात्र काढणाऱ्या गोरगरीब यात्रेकरूंची आबाळ पाहवेना म्हणून. आणि कामाच्या शोधात निघालेले वऱ्हाडी पोर त्या यात्रेकरूहून कमी निराधार नसते. पुण्यात स्थिरस्थावर झालेल्या अचलपूर-परतवाडेकरांनी वर्गणी काढून एखादी जागा रीतसर कराराने घ्यावी, तिच्यात चार खाटा टाकाव्यात, गावाकडून येणाऱ्याला पहिला महिना तेथे विनामूल्य राहू द्यावे, आणि काम लागल्यावर त्याने आपला वाटा भरावा, अशी वहिवाट पाडावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलींच्या वसतिगृहांचा प्रश्न याहून बिकट असल्याने त्याचा स्वतंत्र विचार पुढील लेखांकात करू.