फिर्यादीसोबत कोण येतं?

मोफत कायदेशीर मदतीचा आढावा घ्यायचा म्हटलं की आमचे बहुतेक लेखक १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात करतात. कलम ३९-अ, मग न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि पी. एन. भगवती, मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला, मग लोकअदालती. वाचकांना हे पाठ आहे. मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती याच कामासाठी नेमली होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तेवढं सांगून मी पुढे जातो.

माझं तुणतुणं वेगळं आहे आणि ते मी बरीच वर्षं वाजवतो आहे. आपल्याकडे फुकट वकिलाची कल्पना वाढली ती आरोपीच्या कोठडीत. होसकोट (१९७८), हुसैनआरा खातून (१९७९), शीला बारसे (१९८३) हे सगळे निवाडे कैद्यांचे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची दैना सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली आणि अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं, असा आदेश निघाला. उत्तमच झालं. पण भागलपूरचं प्रकरण (खत्री, १९८१) पुन्हा वाचा. पोलिसांनी डोळे फोडलेली ती माणसं एकाच वेळी कच्चे कैदी होती, गुन्ह्याचे बळी होती आणि कायमची अंधही झाली होती. त्यांना वकील मिळाला तो आरोपी म्हणून. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या शेजारी वकील बसावा, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे मांडली ती १९९४ मध्ये, दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणात: बलात्काराच्या फिर्यादीला पोलीस ठाण्यापासूनच वकील हवा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं मथुरा बलात्कार प्रकरण १९७२ चं. मधली बावीस वर्षं मोजून पाहा.

आता केज तालुक्यातलं नांदूरघाट घ्या. ठाण्याचं काम केजला, सत्र खटला अंबाजोगाईला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बीडला, खंडपीठ संभाजीनगरला. एक पाय निकामी झालेल्या माणसाने हाणामारीची फिर्याद चालवायची तर त्याने कुठे कुठे जायचं? त्यात दिवाळीच्या सुमारास निम्मी घरं कोयता घेऊन उचलीवर ऊसतोडीला बाहेर पडतात. गुन्हा घडतो सांगलीकडच्या फडात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, फिर्यादी परत गावी आणि तारखा तिकडे. मग मुकादमच न्यायाधीश होतो आणि चार हजारांत मिटवतो. ‘झिरो एफआयआर’ने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे. आमच्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

या बाबतीत बीड जिल्ह्याने जे शिकवलं ते पुण्या-मुंबईच्या परिसंवादांत सापडत नाही. एकनाथ आवाड आणि त्यांचं मानवी हक्क अभियान अत्याचार झालेल्या वस्तीत जाऊन बसायचं. फिर्यादीत कलमं कोणती लावली ते बघायचं, साक्षीदारांना धीर द्यायचं, गायरानाच्या वादातून झालेली मारहाण ‘किरकोळ’ म्हणून कागदावर जाऊ द्यायचं नाही. अंबाजोगाईत शैला लोहिया यांच्या ‘मनस्विनी’ने परित्यक्तांसाठी हेच केलं: आधी आसरा, मग कागद, मग कोर्ट. या मंडळींना ‘चळवळवाले, यांना कायदा काय कळतो’ म्हणणारे आमचे काही वकीलबंधू होते. पण ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत फिर्यादी आणि साक्षीदारांना प्रवासखर्च, मजुरी नि भत्ता द्यावा असं लिहिलंय, हे याच चळवळवाल्यांनी आम्हाला दाखवून दिलं. २०१६ पासून तर पीडितांच्या हक्कांचं आख्खं प्रकरण त्या कायद्यात आलं. याच तरतुदी प्रत्येक गंभीर गुन्ह्याला लावा, हे माझं जुनं मागणं.

दिव्यांगांच्या बाबतीत मला एक मुलगी आठवते. जन्मतः ऐकू न येणारी, शाळेत कधी न गेलेली, नांदूरघाटच्या पलीकडच्या वस्तीवरची. तिच्या खाणाखुणा घरच्या, त्यातही चुलतीलाच कळणाऱ्या. तिच्या साक्षीसाठी शहरातून दुभाष्या बाई आल्या, चांगल्या शिकलेल्या. पण त्यांची शाळेतली सांकेतिक भाषा आणि हिची घरची, मेळ बसेना. बचावाचे वकील म्हणाले, चुलती हितसंबंधी. कोर्टाने दोघींना उभं केलं. चुलतीने सांगायचं, बाईंनी पडताळायचं. ती संध्याकाळ उलटेपर्यंत मी उभाच होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दर्शन सिंग खटल्यात सांगितलं की अशा साक्षीत दुभाष्याने शपथ घ्यावी आणि नुसता अर्थ नव्हे, साक्षीदाराने केलेल्या खुणाही लिहून ठेवाव्यात. खूण लिहिलीच नाही तर वरचं कोर्ट तपासणार काय?

फौजदारी कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीने पुढचं पाऊल टाकलं. लैंगिक गुन्ह्यातली फिर्यादी दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाष्या किंवा विशेष शिक्षक घेऊन फिर्याद लिहायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, कलम ९२ मध्ये दिव्यांगांवरील अत्याचाराला पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. २०२१ मध्ये पतन जमाल वली खटल्यात न्यायालयाने म्हटलं, अंध स्त्रीने आवाजावरून आरोपीला ओळखलं म्हणून तिची साक्ष कमअस्सल ठरत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच स्मृती बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळ्या खोल्यांचे आदेश आले आणि त्यात दिव्यांगही धरले गेले. २०११ च्या जनगणनेत राज्यात साडेएकोणतीस लाखांवर दिव्यांग होते. कायदा मुबलक आहे.

मग नडतं कुठे? काही विद्वान म्हणतात, सरकारी वकील असतो ना, फिर्यादीला वेगळा कशाला? सरकारी वकील सरकारचा असतो. फिर्यादीला त्याची गाठ पडते ती साक्षीच्या दिवशी, पायऱ्यांवर. २०२२ पासून आरोपींसाठी पूर्णवेळ मोफत बचाव वकिलांची यंत्रणा आली. तिचं स्वागतच करतो. फिर्यादीसाठी मात्र पॅनेलवरचा वकील, तोही मागितला तर. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, महाराष्ट्र हादरला आणि विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम नेमले गेले. योग्यच. त्याच केज तालुक्यातल्या ज्या फिर्यादीसाठी एकही मोर्चा निघाला नाही, तिचं काय?

नुकसानभरपाईचंही तसंच. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ कलम ३१ डिसेंबर २००९ पासून आलं, ते आता नव्या संहितेत ३९६ झालं. आरोपी सापडला नाही तरी भरपाई मागता येते. पीडित स्त्रिया-मुलांसाठीची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ ची, आता प्राधिकरणाकडेच आहे. पण अर्ज कोण लिहिणार, बँकेचं खातं कोण उघडून देणार, दिव्यांगत्वाचा दाखला आणायला दवाखान्यात कोण नेणार?

लोकअदालतींबद्दल मी फार लिहीत नाही. बँकांची थकीत कर्जं आणि वाहनांची चलनं निकाली काढून आकडे फुगतात, वर्तमानपत्रात बातमी येते. गावात शिबिर होतं, फ्लेक्स लागतो, मान्यवरांचं स्वागत होतं, चहा होतो आणि पाच वाजता गाडी निघते. पूर्वी निदान विधी स्वयंसेवक वस्तीत दिसायचे. हल्ली ओळखपत्र दिसतं, माणूस दिसत नाही. प्राधिकरणाचं मोजमाप निकाली प्रकरणांवर न करता, फिर्याद नोंदवताना किती जणांसोबत आपला माणूस हजर होता, यावर करा.

नांदूरघाट आणि भोवतालच्या वाचकांना एवढंच सांगतो. स्त्री, मूल, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुष्काळाने किंवा जातीय अत्याचाराने पिचलेलाही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये बसतो. केजच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. साध्या कागदावर अर्ज द्या, पोच घ्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेणं त्यांचं काम आहे. फोनचा क्रमांक १५१००.