वडशाच्या नाटकातून शाळेने काय घ्यावे?



दिवाळी सरली, धान घरात आले की वडशात नाटकांची लगबग सुरू होते. झाडीपट्टीतील अनेक नाटक मंडळांची कार्यालये येथे आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील गावकरी येथे येऊन आपल्या मंडईसाठी किंवा शंकरपटासाठी नाटक ठरवून जातात, आणि मग होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग चालतात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कामासाठी २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली.

याच दिवसांत शाळांची स्नेहसंमेलने येतात. तेथे दिव्यांग मूल बहुधा दोनच ठिकाणी दिसते. एक तर पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवताना. नाही तर एखाद्या वेगळ्या ‘खास’ गाण्यात, जेथे टाळ्या त्याला मिळतात पण त्या दयेच्या असतात. आपल्या मंडळ्यांतील नाताळच्या नाटिकाही याला अपवाद नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मेंढरू करून गव्हाणीपाशी बसवले की आपण त्याला सामावून घेतले असे वाटते. हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाच्या वाट्याला काम काय आले, हे कोणी विचारत नाही.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा हाच प्रश्न विचारतो. शाळेने प्रवेश दिला म्हणजे झाले, असे तो मानत नाही. खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांतही इतर मुलांच्या बरोबरीने संधी हवी, असे सांगतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, आता २१ आहेत. शाळेचे नाटक या ‘बरोबरीने’ शब्दाची चांगली परीक्षा घेते, कारण नाटकात एकाचे वाक्य चुकले की दुसऱ्याचेही अडते. मुलांना एकमेकांची गरज लागते, आणि ती खरी असते.

हे जमवायचे कसे? त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो. कसलेले नटही त्याच्याकडून वाक्य घेतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग ज्या मुलाला पाठांतर जमत नाही, त्याला वर्गमित्राने मागून वाक्य सांगितले तर बिघडले कुठे? येथे वादक रंगमंचाजवळच बसतात. अंध मुलीसाठी हीच खूण होऊ शकते : पेटीचा ठरावीक सूर ऐकू आला की तिचा प्रवेश, आणि जेथून सूर येतो तिकडे तिचे तोंड. पायाखाली एक जाड सुतळी चिकटवली की मंचाची कडही कळते. ऐकू न येणाऱ्या मुलाला फळ्यांच्या मंचावर ढोलकीचा ठोका तळपायातून जाणवतो; मातीच्या मंचावर मात्र हे होत नाही, तेथे समोरच्या सोबत्याने हात वर करावा. आणि खुणांची भाषा वापरणार असाल तर कृपा करून दिवे मंद करू नका. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे संवादच पुसला जातो.

चाकाच्या खुर्चीसाठी उंच मंचाला उतार करता येतो. पण त्याहून सोपे म्हणजे मंचच नको. आपली दंडार मोकळ्या अंगणात रंगते, तसे नाटक जमिनीवर करावे आणि प्रेक्षकांनी भोवती बसावे.

संहिता आधी लिहून मग मुले ‘बसवणे’ हा क्रमही बदलावा लागेल. आधी मुले पाहावीत, मग गोष्ट रचावी. चालताना अडखळणारा मुलगा गावचा पाटील का असू नये? न बोलता केवळ हालचालींवर चालणारे प्रसंग ठेवले तर आणखी एका मुलाची सोय होते : घरी गोंडी बोलणारे, शाळेची मराठी अजून नीट न बसलेले मूल. त्याला कोणतेही अपंगत्व नाही, तरी तेही मागच्या रांगेतच उभे असते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष हवे. त्या २१ प्रकारांत सिकलसेलचा आजारही आहे, आणि गडचिरोलीतील आदिवासी कुटुंबांत तो बराच आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात असह्य कळा येतात. थंडी, अंगात पाणी कमी पडणे, फार दमणूक, ताप यांतून हा त्रास उसळू शकतो. डिसेंबरची रात्र, पातळ पोशाख, तीन-तीन तासांची तालीम : स्नेहसंमेलनात हे सगळे एकत्र येते. वरून मूल धडधाकट दिसते, म्हणून बसले की ‘आळशी’ ठरते. अशा मुलाला नाटकातून काढू नये. आत स्वेटर घालता येईल असा पोशाख, दर अर्ध्या तासाला पाणी, मध्ये बसण्याची मुभा आणि एकाच भूमिकेसाठी दोन मुले, एवढे पुरते. मात्र कळा सुरू झाल्या किंवा ताप आला तर तालीम सोडून थेट दवाखाना गाठावा.

दिव्यांग कलाकारांचा रंगमंच महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने दिव्यांग मुलांसोबत वर्षानुवर्षे नाटक केले. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ उभे केले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनाचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद आहे. ही कामे मोठी आहेत. तरी माझ्या मते गावच्या शाळेत गरज आहे ती मिश्र नाटकाची. रोज एकाच बाकावर बसणारी मुले नाटकापुरती वेगळी का करायची?

यंदा ज्यांच्या शाळेत किंवा मंडळीत नाटिका ठरत असेल, त्यांनी भूमिका वाटण्यापूर्वी त्या मुलाच्या आईशी आणि स्वतः त्या मुलाशी बोलावे. त्याला काय आवडते, कशाने दमायला होते, कोणता सोबती हवा, हे तेच सांगेल. आणि शक्य असेल तर प्रयोग दुपारी ठेवावा. वडशाच्या माणसाला दुपारचे नाटक म्हणजे अळणी जेवण, हे मान्य. पण उन्हात बसून पाहायला आजी-आजोबाही येतील.