आपले तिबेटी शेजारी

हिवाळा आला की शहरात स्वेटरची दुकाने लागतात. दुकानातली माणसे आपल्याशी हिंदीत बोलतात. आपसात मात्र निराळीच भाषा बोलतात. ही माणसे कोण? पुष्कळांना वाटते, नेपाळची असतील. तसे नाही. यांतली बरीचशी तिबेटी आहेत. आणि तिबेटी लोकांची एक वसाहत तर आपल्याच भागात आहे!

हिमालयाच्या पलीकडे तिबेट हा मुलूख आहे. तिथे चीनची सत्ता आली. १९५९ साली लोकांनी उठाव केला, पण तो मोडला गेला. त्यांचे धर्मगुरू दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो माणसे बर्फाचे डोंगर ओलांडून आली. भारताने त्यांना आसरा दिला, जमिनी दिल्या. १९७२ साली गोठणगावजवळ प्रतापगड इथे अशीच एक वसाहत वसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आता ही वसाहत त्या जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात येते.

विचार करा. थंडीत वाढलेली ही माणसे! त्यांच्या डोक्यावर आपले वैशाखाचे ऊन. भाजलेल्या जवाचे पीठ खाणारी ती, आणि भोवती सगळी धानाची बांधी. तरीही ती इथे रुजली. पण आपले मूळ विसरली नाहीत. ते कसे?

वसाहतीत त्यांचा गोंपा आहे. गोंपा म्हणजे बौद्ध मठ. सणावाराला सारी तिथे जमतात. माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्यांचे नवे वर्ष येते. त्या सणाला लोसार म्हणतात. एकमेकांना भेटले की ‘ताशी देलेक’ म्हणतात. जसा आपला रामराम किंवा जयभीम. त्यांच्या जुन्या चहात साखर नसते. मीठ आणि लोणी असते!

मुले आपली लिपी शिकतात. तिच्यात ३० अक्षरे आहेत. आणि गंमत ऐका. तीही क, ख, ग अशीच सुरू होते! तिबेटी लोक सांगतात, सुमारे १४०० वर्षांपूर्वी त्यांच्या राजाने थोन्मी संभोट नावाच्या विद्वानाला भारतात धाडले. इथली अक्षरे पाहून त्याने तिबेटी लिपी बसवली. म्हणजे आपण पाटीवर गिरवलेली अक्षरे आणि त्यांची अक्षरे नात्यातलीच.

आता त्यांना एक घोर आहे. इथे जन्मलेल्या मुलांनी तिबेट पाहिलेला नाही. शिकलेली पोरे शहरात जातात, परदेशी जातात. मग घरची भाषा कोण बोलणार? मठात दिवा कोण लावणार?

हा घोर आपल्यालाही नवा नाही. आपली झाडीबोली, आपली दंडार पोरांना येते का? मराठी शिकावी, हिंदी-इंग्रजीही शिकावी. पण घरची बोली बोलायला लाजू नये. आता आपल्याला लिहिता येते. आजीचे एक गाणे आजच वहीत उतरून ठेवू या.