चोरली, लुटली की परत आणली?

दसऱ्याला कुंडलला गेलो होतो. सोने वाटून झाले आणि पुतणीने इंग्रजी निबंधाची वही पुढे केली. विषय गावचा इतिहास. तेव्हा शेणोलीची आगगाडी त्यात आलीच! ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली आणि तो पैसा नेला. या कामगिरीचे म्होरके जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड, दोघेही कुंडलचे.

पोरीने लिहिले होते, 'दे स्टोल द ट्रेन.'

"अगं, इंजिनासकट गाडीच खांद्यावर टाकून नेली की काय त्यांनी?"

"मग काय लिहू, काका?"

मी मराठीचा मास्तर, तरी सांगितले. 'स्टील'पुढे येते ती गेलेली वस्तू. 'रॉब'पुढे येतो तो ज्याचे गेले तो माणूस, किंवा जेथून गेले ते ठिकाण. पैसा 'स्टील' करतात, बँक 'रॉब' करतात. शिवाय 'स्टील' बहुधा गुपचूप, तर 'रॉब'मध्ये धाक किंवा बळजबरी. आपली गफलत होते, कारण आपले 'लुटणे' मोठे ऐसपैस! गाडी लुटतात, पैसाही लुटतात. आणि दसऱ्याला सोने लुटतात, तेथे तर ना चोर, ना फिर्यादी. आपल्या देशातला हा 'लूट' शब्द इंग्रजांनी कंपनीच्या अमदानीत स्वतःच्या भाषेत नेला. तो चोरला म्हणावा की लुटला, हे वाचकांनीच ठरवावे.

पोरीने खोडून 'रॉब्ड' लिहिले. व्याकरण जमले. ओसरीवर सुपारी कातरीत बसलेले अण्णा मात्र थांबले.

"रॉब म्हणजे दुसऱ्याचे जबरीने घेणे, असेच ना?"

"हो, अण्णा."

"मग तो पैसा कुणाचा होता?"

मी निरुत्तर झालो. २०२२ साली, शंभरीच्या घरात वारलेले कॅप्टन भाऊ अखेरपर्यंत हेच सांगत. 'गाडी लुटली' हा शब्दप्रयोग त्यांना मान्य नव्हता. इंग्रजांनी जनतेकडून नेलेला पैसा आम्ही जनतेकडे परत आणला, असे त्यांचे म्हणणे. क्रियापदाचे कर्म कोणते, हे व्याकरण सांगते. धनी कोण, हे ते सांगत नाही.

पोरीने पुन्हा खोडले आणि लिहिले, 'दे ब्रॉट द मनी बॅक.'

"खाडाखोडीचे गुण जातील हं!" मी म्हणालो.

"जाऊ देत," अण्णा म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.