रात्र मालाची, दिवस मालकाचा

रमजानमध्ये पिंगळीपासून परभणीपर्यंत रोजेदारांच्या घरी पहाटे चारच्या आधी दिवा लागतो. सहरीची तयारी सुरू होते, मुलांना हलवून उठवले जाते. त्याच सुमारास परभणी-पूर्णा मार्गावरून एखादी मालगाडी पिंगळी स्टेशन ओलांडून जाते. गाव झोपेत असताना तिचा चालक जागा असतो. त्याच्याही वर, तीस-पस्तीस हजार फुटांवर, अशाच वेळी जागे असणारे आणखी काही लोक आहेत. ते मालवाहू विमानांचे वैमानिक.

पायलट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रवासी विमान येते. पण या व्यवसायात आणखी दोन वाटा आहेत. एक मालवाहू विमानाची, दुसरी उद्योगपती, पुढारी आणि बड्या कंपन्यांच्या खासगी विमानाची. आज मराठवाड्यातही बारावी विज्ञानची मुले-मुली या क्षेत्राची चौकशी करतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान 200 तास उड्डाण लागते. त्याचा खर्च साधारण पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो. मोठे विमान उडवायचे तर त्याचे वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा खर्च. एवढा पैसा उभा करताना कुणाची जमीन गहाण पडते, कुणाच्या डोक्यावर कर्ज चढते. त्यामुळे पगार किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती नोकरी करताना घर, झोप, सण आणि तब्येत यांचे काय होणार, हे मात्र फार थोडे विचारतात.

टपालाच्या पिशव्यांपासून सुरुवात

भारतातली विमान वाहतूक मुळात मालानेच सुरू झाली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या लहानशा विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र होते आपले नागपूर. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चारही बाजूंनी विमाने मध्यरात्री नागपुरात उतरत. पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत.

आजचा हवाई मालाचा धंदाही याच पद्धतीने चालतो. दिवसभर गोळा झालेली पार्सले रात्री विमानात चढतात, मध्यवर्ती ठिकाणी वेगळी होतात आणि सकाळी दुसऱ्या शहरात पोचतात. अमेरिकेतल्या फेडेक्सने 1973 मध्ये मेम्फिस शहरातून हेच केले. भारतात ब्लू डार्टची विमाने 1996 पासून हेच करत आहेत. म्हणजे मालवाहू वैमानिकाची रात्र कामाची असणार, हे धंद्यानेच ठरवून टाकले आहे.

या नोकरीचे फायदे खरे आहेत. पाठीमागे प्रवासी नसतात. उशीर झाला म्हणून खोके भांडत नाहीत. ठरलेले मार्ग, ठरलेल्या वेळा आणि ड्यूटीचा तक्ता बऱ्यापैकी आधी हातात. महिन्यातल्या कोणत्या रात्री आपल्या आणि कोणत्या कंपनीच्या, हे घरच्यांनाही कळते. लांब पल्ल्याच्या परदेशी मालवाहू कंपन्यांत वैमानिक दोन-दोन आठवडे घराबाहेर राहतो, पण मग सलग सुट्याही मिळतात. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशातली प्रवासी उड्डाणे बंद होती, तेव्हाही मालवाहू विमाने उडत राहिली. औषधे आणि तपासणीचे साहित्य त्यांतून जात होते.

किंमत मोजायची ती शरीराने. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर सर्वांत सुस्त असते. विमानशास्त्रात या वेळेचा वेगळा विचार करतात. दिवसा झोपले तरी ती झोप रात्रीसारखी लागत नाही. बाहेर हॉर्न वाजतो, दारावर दूधवाला येतो, मुलांची शाळा सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांमध्ये धरले आणि 2019 मध्ये तेच मत कायम ठेवले.

14 ऑगस्ट 2013 रोजी अमेरिकेत बर्मिंगहॅम विमानतळाजवळ यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान पहाटे पावणेपाचच्या सुमारास कोसळले. दोन्ही वैमानिक गेले. उतरतानाच्या चुका हे मुख्य कारण ठरले, पण तपासात थकव्याचीही नोंद झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम अमेरिकेत जानेवारी 2014 मध्ये लागू झाले, तेव्हा मालवाहू कंपन्यांना मात्र त्यातून वगळण्यात आले. प्रवाशाच्या विमानातला थकवा जेवढा धोकादायक, तेवढाच मालाच्या विमानातला, हे तिथल्या वैमानिक संघटना अजूनही सांगत असतात.

विमानातला सालगडी

आता दुसरी वाट. खासगी विमानाचा वैमानिक बहुधा दिवसा उडतो. विमान नवे, आसने मऊ, उतरायचे ते चांगल्या हॉटेलात. रात्री आपल्या अंथरुणावर झोपण्याची शक्यताही जास्त. लांबून पाहणाऱ्याला हीच नोकरी सुखाची वाटते.

पण मराठवाड्यातल्या माणसाला तिचे स्वरूप एका शब्दात समजेल. ती सालगड्याची नोकरी आहे. पाडव्याला साल ठरते आणि मग वर्षभर वेळ मालकाची. साहेब सकाळी आठला निघतो म्हणाले की वैमानिक सहाला विमानतळावर. साहेबांची बैठक लांबली की वैमानिक संध्याकाळपर्यंत तिथेच. मग अचानक निरोप येतो की मुंबईऐवजी दिल्लीला जायचे आहे. उड्डाण दोन तासांचे आणि वाट पाहणे दहा तासांचे, असे दिवस या नोकरीत नवे नाहीत. लहान कंपनीत इंधन, हवामान, उतरण्याची परवानगी, साहेबांचे जेवण, सामान, सगळ्याकडे वैमानिकालाच पाहावे लागते. निवडणुकीच्या दिवसांत तर एका दिवसात चार-चार गावे होतात.

सगळीकडे असेच असते असे नाही. अमेरिकेतल्या नेटजेट्ससारख्या मोठ्या कंपनीत सात दिवस काम आणि सात दिवस सुटी असा क्रम मिळू शकतो. ज्या कंपनीकडे विमाने आणि वैमानिक पुरेसे आहेत, तिथे एकाच्या आजारपणात दुसरा उभा राहतो. जिथे एकच विमान आणि दोनच वैमानिक, तिथे बहिणीच्या लग्नालाही मालकाची सवड पाहावी लागते.

नोकरीची शाश्वतीही मालकाच्या दैवावर. कंपनी अडचणीत आली की विमान आधी विकायला निघते. विजय मल्ल्या यांचे खासगी एअरबस जप्तीनंतर मुंबई विमानतळावर कित्येक वर्षे उभे होते. अखेर 2018 मध्ये ते लिलावात सुमारे 35 कोटी रुपयांना गेले. मालवाहू बाजूलाही असे घडले आहे. कॅप्टन गोपीनाथ यांनी 2009 मध्ये नागपूर केंद्र धरून डेक्कन 360 ही मालवाहू कंपनी काढली. नागपूरच्या जुन्या टपालसेवेची आठवण व्हावी अशीच ती कल्पना होती. काही वर्षांतच ती बंद पडली.

रोजा आणि उड्डाण

रमजानमध्ये या दोन्ही नोकऱ्यांचा कस लागतो. इस्लाममध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडण्याची सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. दीडशे जीव पाठीशी असोत वा वीस टन माल, पाणी न पिता कॉकपिटमध्ये बसल्याने लक्ष ढळत असेल तर ही सवलत घेण्यात कमीपणा नाही. मुस्लिमबहुल पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीनेही 2024 मध्ये आपल्या वैमानिकांना ड्यूटीवर रोजा न ठेवण्याची सूचना केली होती.

उंचीमुळे वेळाही बदलतात. जमिनीवर सूर्य मावळला तरी वर तो दिसत राहतो. दुबईच्या बुर्ज खलिफा इमारतीत राहणाऱ्यांसाठी 2011 मध्ये तिथल्या धर्मपंडितांनी सांगितले होते की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे उशिरा करावा आणि दीडशेच्या वर तीन मिनिटे. पश्चिमेकडे निघालेल्या विमानात तर संध्याकाळ संपता संपत नाही.

मालवाहू वैमानिकाची सहरी बहुतेक वेळा विमानातच किंवा एखाद्या विमानतळाच्या खोलीत होते. पण दिवसा तो घरी असतो आणि इफ्तारला पोरांसोबत दस्तरखानावर बसून मग रात्री कामाला निघू शकतो. खासगी वैमानिकाची सहरी घरी होते, इफ्तारचा मात्र भरवसा नाही. दिवाळीचे, ईदचे, गणपतीचेही तेच. सणाच्या दिवशी मालाचे खोके कमी होतात, साहेबांचे प्रवास मात्र वाढू शकतात.

विचारायचे चार प्रश्न

मग बरे कोणते? ज्याला दिवसा गाढ झोप लागते, घरात एक अंधारी, शांत खोली आहे आणि घरच्यांना उलटे घड्याळ मान्य आहे, त्याने मालवाहूची वाट धरावी. ज्याची झोप हलकी आहे, पण माणसांशी जुळवून घ्यायची हातोटी आहे आणि ठरलेला बेत मोडला तरी चिडचिड होत नाही, त्याला खासगी विमान मानवेल. पगाराचा आकडा या दोन्हींनंतर.

नोकरीचे पत्र हातात पडल्यावर सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ड्यूटीचा तक्ता किती दिवस आधी मिळतो? महिन्यात किती दिवस असे आहेत की त्या दिवशी कंपनीचा फोन येणारच नाही? एका विमानामागे वैमानिक किती? आणि विश्रांतीचा कोणता नियम आपल्याला लागू आहे? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. जानेवारी 2024 मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवासी विमान कंपन्यांसाठी आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीची उतरणी सहावरून दोनवर आणली. ते नियम पूर्ण लागू होताना पुरेसे वैमानिक नसल्याने डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विश्रांतीचा हिशेब कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

हे प्रश्न विमानापुरते नाहीत. मोंढ्यात रात्रभर भाजीचा टेम्पो हाकणारा आणि पुढाऱ्याच्या गाडीवर दिवसभर थांबून राहणारा, या दोघांच्या घरीही हाच हिशेब आहे. फरक एवढाच की पायलट होण्यासाठी आधी पन्नास लाख मोजावे लागतात. तेवढे मोजण्याआधी मुलाने आणि त्याच्या आई-वडिलांनी एकदा एकत्र बसून झोपेचा आणि सणांचाही हिशेब मांडावा. त्याला खर्च काहीच येत नाही.